झाड छाटायचंय, पण कुठून आणि किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मे महिना लागला की माझ्याकडे येणारी पत्रं आणि मेसेज एकदम बदलतात. एप्रिलपर्यंत सगळे कुंड्या, खत, मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत असलं विचारत असतात, आणि मग हवा जरा कुंद झाली, पावसाच्या तारखांच्या बातम्या सुरू झाल्या की सगळ्यांचं लक्ष बिल्डिंगच्या आवारातल्या मोठ्या झाडाकडे जातं. भीती खोटी नाहीये. २०२१ च्या मे महिन्यात १७ तारखेला तौक्ते वादळाचा वारा आपण सगळ्यांनी खिडकीतून बघितलाय, त्या एका दिवसात मुंबईत शेकडो झाडं पडली. पण भीतीपोटी घाईघाईत जी छाटणी होते तिच्यानं झाड जास्त धोकादायक होतं हे मला गेली कित्येक वर्षं दिसतंय, म्हणून यावेळी सगळे प्रश्न छाटणीचेच घेतलेत. एक-दोन उत्तरं लांबलीत, पण ती लांबायलाच हवी होती.

प्रश्न – मी गोरेगाव पूर्वेला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आवारात एक मोठा रेन ट्री आणि दोन गुलमोहर आहेत, तीस-पस्तीस वर्षांचे असतील. छाटणीवाला बघून गेला, तो म्हणतो वरून अर्धं उडवून टाकू, तीन वर्षं बघायला नको, खर्च तेवढाच. कमिटीतले बरेच जण तयार आहेत. मला मात्र कसंतरी वाटतंय. करावं का?

उत्तर – नका करू. सेक्रेटरी साहेब, तुम्हाला जे कसंतरी वाटतंय ते बरोबर वाटतंय, आणि कमिटीला सांगायला कारणं हवीत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपली जखम भरते म्हणजे गेलेल्या कातडीच्या जागी नवी कातडी येते. झाडाचं तसं नाही, झाड कुजलेलं लाकूड पुन्हा चांगलं करू शकत नाही, ते फक्त त्या भागाभोवती आतून भिंती घालतं, कूज पुढे सरकू देत नाही, आणि बाहेरून हळूहळू नव्या लाकडाची गुंडाळी आणून जखम झाकून टाकतं. अमेरिकेच्या वन खात्यात काम केलेले अलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं चेन सॉनं उभी चिरून आत काय होतं ते बघितलं आणि हे मांडलं, आज जगभर छाटणीचे नियम त्यावरच उभे आहेत. आता ह्या भिंती घालायची झाडाची सगळ्यात पक्की जागा कुठली, तर फांदी जिथे खोडातून निघते तिथे. नीट बघितलंत तर त्या जागी एक फुगीर कडी दिसेल, साल जरा सुरकुतलेली, मनगटावर बांगडी असावी तशी. तिला कॉलर म्हणतात. काप ह्या कडीच्या लगेच बाहेर पडला तर झाड जखम बंद करतं, काही वर्षांनी तिथे नुसता एक गोल वळ राहतो. तुमचा छाटणीवाला म्हणतोय तसा काप फांदीच्या मध्येच कुठेतरी, हात पोचेल तिथे पडला की तिथे झाडाकडे भिंत घालायला काही नसतं. तो खुंट वाळतो, पावसाचं पाणी त्यातून आत मुरतं, बुरशी लागते आणि कूज सरळ फांदीतून खोडापर्यंत चालत जाते.

दुसरी गोष्ट अशी की वरचा अर्धा पाला गेला म्हणजे झाडाचं अर्धं स्वयंपाकघर गेलं. मग झाड घाबऱ्याघुबऱ्या त्या खुंटांच्या तोंडाशी दहा-पंधरा लांब लांब काटक्या फेकतं, डाळिंब-संत्र्यावाले शेतकरी त्यांना पाणसोट म्हणतात. दोन पावसाळ्यांत त्या इतक्या वाढतात की लोकांना वाटतं वा, झाड परत भरलं. पण ही फांदी नेहमीच्या फांदीसारखी खोडाच्या गाभ्यातून आलेली नसते, ती वरवरच्या थराला चिकटलेली असते आणि तिच्या बुडाशी कुजत असलेला खुंट असतो. म्हणजे तीन वर्षं बघायला नको असं जे तो म्हणतोय, नेमकी त्या तीन वर्षांनंतरच खरी भीती सुरू होते.

हे मी नुसतं वाचून सांगत नाहीये. आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमध्ये गेटपाशी गुलमोहर होता. एका वर्षी सोसायटीनं तो असाच वरून उडवला, मी तेव्हा बाहेरगावी होते, परत येऊन बघते तर नुसते हात तोडल्यासारखे खुंट. सहा वर्षांनी जुलैच्या एका दुपारी, वारा म्हणाल तर काहीच नव्हता, नुसती सकाळपासून पावसाची रिपरिप होती, एक फांदी खाली आली ती थेट उभ्या स्कूटरच्या सीटवर. पाच मिनिटांपूर्वी तिथे शाळेतून आलेली दोन मुलं उभी होती. मी खाली गेले आणि तुटलेलं टोक हातात घेतलं. मांडीएवढी जाड फांदी, पण तुटल्या जागी चांगलं पांढरं लाकूड फक्त एका कडेला, दोन बोटं रुंद पट्टी, बाकी सगळं काळं आणि भिजलेल्या पावासारखं मऊ, अंगठ्यानं दाबलं तर पाणी निघालं. आणि त्या काळ्या भागाच्या मधोमध जुन्या कापाचा गोल अजून दिसत होता. एवढ्या दोन बोटांच्या पट्टीवर ती फांदी पाच-सहा पावसाळे लटकली होती. त्या दिवसापासून मी छाटणी चालू दिसली की रस्त्यात थांबते.

तर मग करायचं काय. आधी वाळलेल्या, किडलेल्या, तडा गेलेल्या फांद्या काढायच्या, त्या सगळ्यात आधी, त्यांच्याबद्दल वाद नाही. मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक. मग गच्चीवर, खिडकीवर, वायरवर आलेल्या, पण त्या अर्ध्यात न तोडता मागे जिथे दुसरी चांगली जाड उपफांदी फुटली असेल तिथपर्यंत, म्हणजे पुढचं काम ती उपफांदी सांभाळते. आणि एका वर्षात हिरव्या पाल्याचा पाव हिस्सा ही वरची मर्यादा समजा, जुन्या झाडाला त्याहूनही कमी. गुलमोहराचं लाकूड तसंही ठिसूळ आणि मुळं उथळ, तो मूळचा मादागास्करचा, आपल्या पावसाळी वाऱ्याला फार काटक नाही, त्याला दर वर्षी थोडं थोडं हलकं करणं बरं. रेन ट्रीचा घेर मोठा असतो म्हणून तिथे लांब आडव्या फांद्यांची टोकं हलकी करा.

अजून एक चूक आपल्याकडे हमखास होते. माणूस झाडावर चढतो आणि आतल्या आतल्या बारीक फांद्या सगळ्या साफ करत बाहेर जातो, कारण त्या हाताशी असतात. शेवटी फांदी नागडी आणि टोकाला पाल्याचा गोंडा. खालून बघणाऱ्याला स्वच्छ, मोकळं वाटतं, पण सगळं वजन टोकाला गेल्यामुळे वाऱ्यात तीच फांदी चाबकासारखी हलते आणि मोडते. आतला पाला राहू द्या.

मोठी फांदी तोडताना तीन काप घ्यायला सांगा. पहिला खोडापासून फूट-दीड फूट लांब, खालच्या बाजूनं, जाडीच्या एक तृतीयांश आत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, ह्यानं फांदी खाली पडेल आणि खालच्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत जाणार नाही. मग राहिलेला खुंट तिसऱ्या कापानं कडीच्या बाहेरून. अगदी खोडाला घासूनही नको, कडीच कापली गेली तर परत तेच. हे सगळं करवतीनं, कोयत्याचे घाव घालून नाही. तुमच्या माणसाला विचारून बघा की कॉलर कुठे असते, त्यानं बोटानं दाखवली तर त्याला काम द्या.

प्रश्न – मुलुंडला आमचा स्वतःचा बंगला आहे. आवारातलं झाड आमचं, जागा आमची, मग नुसत्या फांद्या छाटायला पालिकेची परवानगी कशाला लागते? आणि किती दिवस आधी अर्ज करायचा?

उत्तर – काका, लागते. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि त्यात झाड पाडणं ह्याचा अर्थ नुसतं बुंध्यातून तोडणं एवढाच धरलेला नाही, जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं सुद्धा त्यात येतं. म्हणून मोठी छाटणी करायची तर तुमच्या वॉर्ड ऑफिसमधल्या उद्यान खात्याकडे अर्ज द्यायचा, झाडाचे फोटो जोडायचे, तिथला माणूस येऊन बघून जातो आणि परवानगी देतो. खासगी आवारातलं काम आणि खर्च आपला, रस्त्यावरच्या झाडाचं पालिकेचं. २०२१ मध्ये कायद्यात बदल झाला तेव्हापासून ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज मानलं जातं, तुमच्या बंगल्यातलं आजोबांनी लावलेलं असेल तर ते त्यात सहज बसेल, तिथे तर जास्तच जपून.

दिवसांचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज दिलेला चांगला. मे मध्ये सगळी मुंबई एकाच वेळी रांगेत असते आणि चांगली माणसंही मिळत नाहीत. फांदी तुटून लटकलीये, कुणाच्या डोक्यावर येईल अशी अवस्था असेल तर मात्र अर्ज-बिर्ज बघत बसू नका, सरळ पालिकेच्या १९१६ ह्या नंबरला फोन लावा.

मला ह्या परवानगीचा कंटाळा येत नाही ह्याचं कारण सांगते. २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत साधारण २९ लाख ७५ हजार झाडं निघाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत होती. म्हणजे बागा, रस्ते, सरकारी जागा सगळं एकत्र केलं तरी त्याहून जास्त झाडं आपल्या सोसायट्या, चाळी, बंगले, वाड्यांमध्ये आहेत. एवढी झाडं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणं कुणालाच परवडणार नाही.

प्रश्न – बोरिवलीला आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला आंबा आहे, वीसेक वर्षांचा. नुसता पाला, चार-पाच वर्षांत एकदा धड मोहोर येतो. मिस्टर दर डिसेंबरमध्ये माणूस बोलावून छाटून घेतात, म्हणतात थंडीत छाटला की मोहोर येतो. तरी येत नाही. काही फांद्यांवर वेगळ्याच जाड पानांचे झुबके आहेत, लाल फुलं येतात त्याला.

उत्तर – ताई, मिस्टरांना हे वाचून दाखवा. आंब्याला मोहोर येतो तो काही महिने जून झालेल्या काडीच्या टोकाला, साधारण पावसाळ्याच्या आसपास जी पालवी फुटली आणि पिकली तिच्यावर. डिसेंबरमध्ये तुम्ही नेमकी तीच तयार टोकं कापून टाकताय, मग झाड मोहोराऐवजी परत नवी तांबूस पालवी काढत बसतं आणि तुम्हाला वाटतं झाड वांझ आहे. झाड चांगलं आहे. आंबे उतरवून झाले की लगेच हलकी छाटणी करा, ह्या वर्षी नसले आंबे तरी मे अखेरपर्यंत करून घ्या, पाऊस लागायच्या आत. मध्यभागी गचपण झालं असेल तर तिथल्या एक-दोन सरळ वर गेलेल्या फांद्या बुडातून काढा म्हणजे आत ऊन पोचेल. वाळलेल्या काड्या, वाळून काळे पडलेले जुने मोहोराचे दांडे काढा. बस, पुढे वर्षभर हात लावू नका.

जाड पानांचे झुबके म्हणजे बांडगूळ. पक्षी त्याचं फळ खातात, चिकट बी फांदीला पुसतात आणि ते तिथे रुजतं, मुळं आंब्याच्या लाकडात घालून त्याचंच पाणी पितं. नुसता झुबका ओढून काढला तर आतून परत फुटतो. जिथे चिकटलाय त्याच्या वीतभर खालून, म्हणजे खोडाच्या बाजूनं, ती फांदीच कापायची. फांदी फार जाड असेल तर दर वर्षी झुबका फूल-फळ धरायच्या आत काढत राहायचा, निदान पसरणार तरी नाही.

बुंध्यावर भोक आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसतो का तेही बघा. दिसला तर भिरूड आहे, त्याची जाडजूड अळी आत बोगदा करते. सायकलच्या तारेचं टोक वाकवून आत घाला आणि अळी ओढून काढा, मग भोक चिखलानं लिंपून टाका. आणि आंबा छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा माणसाला, ताज्या कापातून उडणारा चीक चेहऱ्यावर-हातावर लागला की कातडी भाजल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी फोड येतात.

प्रश्न – छाटल्यावर कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट लावतात ते बरोबर का?

उत्तर – नाही. रंगाच्या पापुद्र्याखाली ओल कोंडते आणि बुरशीला आयतंच घर मिळतं. नीट जागी घेतलेला काप उघडा राहिलेलाच बरा. कोकणातले आंबा बागायतदार मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात, ती वेगळी, ती रंग नाही, बुरशीनाशक आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचं प्रमाण. घरी एखाद-दुसऱ्या कापासाठी शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुरे. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, आणि केली त्याच दिवशी वापरायची.

प्रश्न – माहीमला आमच्या चाळीत सहा माड आहेत. नारळ काढणारा दर वेळी वर गेला की खालच्या सगळ्या झावळ्या, हिरव्या सुद्धा, कापून नुसता शेंड्याचा झाडू ठेवतो. म्हणतो वाऱ्यात पडणार नाहीत. खरं का?

उत्तर – उलट आहे. माडाला फांदी नसते, नवी फुटायची सोयही नसते, सगळा जीव त्या एका शेंड्यात. एका चांगल्या माडावर तीस-चाळीस झावळ्या असतात आणि महिन्याला जेमतेम एक नवी येते, म्हणजे एका बैठकीत पंधरा झावळ्या कापल्या तर त्या भरून यायला सव्वा वर्ष गेलं. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा, येते, झावळी अशक्त तर नारळही बारीक. शिवाय हिरव्या कापाचा वास गेंड्या भुंग्याला आणि सोंड्या भुंग्याला लांबून ओढून आणतो, सोंड्याची अळी आतून माड पोखरते आणि आपल्याला कळतं तेव्हा शेंडा कललेला असतो. पिवळी-तपकिरी होऊन खाली लोंबणारी झावळी काढा, सुके नारळ आणि वाळलेल्या पोया काढा, आडव्या रेषेच्या वरची एकही हिरवी झावळी कापू नका. खाली मुलं खेळतात, गाड्या उभ्या असतात तर नारळ वेळेवर उतरवणं हीच खरी काळजी, दीड-दोन महिन्यांतून एकदा माणूस वर गेलाच पाहिजे.

प्रश्न – छाटणीची परवानगी मिळाली, माणूस ठरला, आणि आता दिसतंय की त्याच फांदीवर कावळ्याचं घरटं आहे, आत पिल्लं ओरडतात. लोक म्हणतात कावळाच तर आहे. काय करू? (घाटकोपर)

उत्तर – थांबा. कावळ्याची अंडी उबायला अडीच आठवडे आणि पिल्लं उडायला पुढे साधारण महिना, तुमच्याकडे पिल्लं ओरडण्याइतकी मोठी आहेत म्हणजे दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे. तेवढी एक फांदी सोडून बाकीचं काम आत्ता करून घ्या. आणि त्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू सुद्धा असू शकतं, ती अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते, तेव्हा पहाटे ज्या नर कोकिळाची कुहू तुम्ही ऐकताय त्याचं पिल्लूही तिथेच असू शकतं.

हे मी फक्त दयेपोटी नाही सांगत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हा गुन्हा मानतो. मुंबईत बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे ह्यांच्या वसाहती बरोबर पावसाळ्यात मोठ्या रेन ट्रीवर आणि चिंचेवर भरतात, खाली घाण होते, वास येतो, म्हणून लोक जुलै-ऑगस्टमध्ये छाटणी काढतात आणि पिल्लं टपाटप खाली पडतात. मी एकदा अशा झाडाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात अकरा पिल्लं गोळा केलीत, पिसं पण धड फुटलेली नव्हती, चोची उघडून आमच्याकडे बघत होती. त्यातली चार जगली. ज्यांच्याकडे अशा वसाहतीचं झाड आहे त्यांनी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरका, आणि पावसाळ्यात खाली गाड्या लावू नका, ताडपत्री बांधा, चार महिने निघतात.

प्रश्न – वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या वडाच्या फांद्या कुणीतरी रात्रीत ओरबाडून नेतो आणि सकाळी बाजारात दहा-वीस रुपयांना विकतो. आम्ही बायकाच त्या विकत घेतो हेही खरं. ह्यावर काय करता येईल? (परळ)

उत्तर – शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंत त्याबद्दल मला तुमचं फार कौतुक वाटलं. विकत घेणं थांबलं की तोडणं थांबेल, दुसरा उपाय नाही. पूजा झाडाची आहे, सावित्रीची गोष्टही वडाखाली घडते, डहाळी घरी आणून पाटावर उभी करायची पद्धत जागेच्या अडचणीतून आली. परळमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर वड असतोच, चार-पाच जणी ठरवून एकत्र जा, दोरा गुंडाळा आणि संध्याकाळी एकीनं येऊन तो सोडवून टाका, नाहीतर नायलॉनचा दोरा असला तर सालीत रुतून बसतो. ज्यांना जिना उतरणं होत नाही त्यांनी कुंडीत वडाचं रोप लावावं, रोपाची पूजा सुद्धा पूजाच. आणि ओरबाडलेल्या फांदीचं लोंबणारं सालपट दिसलं तर करवतीनं नीट काप घेऊन टाका.

पारंब्या कुणी कापत असेल तर त्यालाही थांबवा. जमिनीत पोचलेली पारंबी वडाचा खांब असते, ती तोडली की वरच्या आडव्या फांदीचा आधारच गेला.

प्रश्न – गॅलरीतला कढीपत्ता उंच काडीसारखा वाढलाय, पानं फक्त टोकाला. आणि जास्वंद छाटू का?

उत्तर – कढीपत्ता ढोपराएवढा ठेवून बिनधास्त वरून कापा, ह्याच दिवसांत, खाली तीन-चार फुटवे येतात. पानं काढताना पण एक एक पान तोडू नका, शेंडा खुडा. फुलं-फळं आली तर काढून टाका. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावर येतं म्हणून छाटलेली चालते, प्रत्येक फांदी एक तृतीयांश कमी करा, काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर आणि तिरका घ्या. पांढरा पिठ्या ढेकूण दिसत असेल तर त्या फांद्या कचऱ्यात बांधून द्या, दुसऱ्या कुंडीवर टाकू नका, आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, वापरून झाला की पुसून घ्या.

प्रश्न – छाटणी बरोबर केली तरी झाड पडतंच ना? आमच्या समोरच्या फुटपाथवरचं झाड दोन वर्षांपूर्वी छाटूनही मुळासकट उपटलं. (अंधेरी)

उत्तर – तुम्ही पडलेल्या झाडाची मुळं बघितलीत का? पुढच्या वेळी बघा. बऱ्याचदा ती पसरलेली नसतात, कुंडीतून काढलेल्या रोपासारखा एक गोल गड्डा असतो, कडेची जाड मुळं सरळ रेषेत कापलेली. गटार, केबल, नवा रस्ता, पेव्हर ब्लॉक, प्रत्येक खोदकामाला एकेका बाजूची मुळं गेली आणि मग बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, पाणी आत जात नाही, हवा जात नाही. त्या झाडाला वरून कितीही छाटलं तरी खाली धरायला काही नाही. पालिकेनं बुंध्यांभोवतीचं काँक्रीट काढायची मोहीम घेतली ती ह्यासाठीच, पण सोसायट्यांच्या आतलं काँक्रीट आपणच काढायचंय. पार्किंगचा एखादा फूट कमी होऊ दे, बुंध्याभोवती चारी बाजूंनी निदान मीटरभर माती उघडी ठेवा. झाड एका बाजूला नव्यानं कललंय, कललेल्या बाजूच्या उलट जमीन फुगली किंवा तडकलीये, असं दिसलं तर ते त्याच दिवशी उद्यान खात्याला कळवा. बुंध्याशी आळंब्या उगवल्या असतील तर तेही कळवा, आत कूज असल्याची खूण असते ती.

प्रश्न – आम्हाला उशीर झाला. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीनं मागच्या वर्षी विचार न करता तिन्ही झाडांचं मुंडण केलं. एक करंज, एक बदाम, एक सोनमोहर. आता खुंटांवर झुबकेच्या झुबके फुटलेत. काही वाचवता येईल का?

उत्तर – येईल, पण चार-पाच वर्षांचं काम आहे, एका दिवसाचं नाही. ह्या वर्षी काहीच कापू नका, झाडाला पाला हवाय, त्यानं साठवलेलं सगळं तुमच्या छाटणीनंतर खर्च केलंय. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बुंध्यापासून जरा लांब, भरपूर पाणी द्या, पडलेला पाला जाळायला किंवा गाडीत भरायला न देता बुंध्याभोवती पसरा, खोडाला चिकटवून ढीग नको. पुढच्या वर्षी प्रत्येक खुंटावरच्या झुबक्यातून दोन-तीन जोमदार, बुडाशी जाड, वेगवेगळ्या दिशेला जाणारे पाणसोट निवडा, त्यांना हात लावू नका, बाकीच्यांपैकी निम्मे बुडातून काढा. उरलेले त्याच्या पुढच्या वर्षी. निवडलेल्यांपैकी एखादा फारच उंच पळत असेल तर त्याचा शेंडा एखाद्या उपफांदीपर्यंत मागे घ्या म्हणजे तो जाड होईल. जिथे खुंट वाळलाय तिथे जिवंत लाकडाची गुंडाळी कुठपर्यंत आलीये ते दिसतं, तिला धक्का न लावता फक्त वाळलेला भाग काढा.

करंज दणकट आहे, तो नक्की सावरेल. बदाम सुद्धा फुटायला चांगला. सोनमोहरावर मात्र लक्ष ठेवा, त्याच्या जुन्या कापांवर पावसाळ्यात चढून एक एक खुंट लाकडी हातोडीनं ठोकून बघायला सांगा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर ती फांदी खोडापाशी कडीबाहेरून उतरवावी लागेल आणि त्याची परवानगी आत्तापासून मागून ठेवा.